बंगल्याचा कारभारी व्हायचंय? आधी कागद बघा

वावर (ता. जव्हार) : भात झोडून झालं, नागली-वरई घरात आली, दिवाळी सरली की जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतले पाडे रिकामे व्हायला लागतात. कोणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर जातो, कोणी नाशिकच्या द्राक्षबागेत, कोणी ठाणे-मुंबईच्या बांधकामावर. ही वाट जुनीच आहे. तिला आता एक नवा फाटा फुटला आहे. बारावी झालेल्या किंवा एखादं वर्ष कॉलेज करून घरी बसलेल्या पोरापोरींना निरोप येतो, की बंगल्यावर माणूस पाहिजे, फार्महाऊसला केअरटेकर पाहिजे, मुंबईत मोठ्या घरी 'हाऊस मॅनेजर' पाहिजे. राहणं-खाणं फुकट.

असा निरोप आला की घरात दोन तट पडतात. पोरगं म्हणतं, भट्टीपेक्षा बरं, बारमाही पगार तर मिळेल. आई म्हणते, नाव काहीही द्या, शेवटी घरगडीच ना? दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. हाऊस मॅनेजर हा खराखुरा पेशा आहे, त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे आणि माणूस वरही चढतो. पण त्याच नावाखाली चोवीस तासांचा गडी ठेवून घेणारेही आहेत. हे दोन प्रकार कामावरून वेगळे ओळखू येत नाहीत, ते ओळखू येतात ठरलेल्या अटींवरून. म्हणून आधी काम समजून घेऊ, मग अटी.

हे काम म्हणजे नेमकं काय

आपल्या भागात हे समजावून सांगायला एक सोपा शब्द आहे, गृहपाल. शासकीय आदिवासी वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला गृहपाल माहीत असतो, आणि आश्रमशाळेत शिकलेल्याला अधीक्षक माहीत असतो. अधीक्षक स्वतः भाकऱ्या भाजत नाही, पण भाकरी वेळेवर झाली का, पीठ किती दिवस पुरेल, पाण्याची टाकी भरली का, कोणाला ताप आहे, कोणाचं पांघरूण फाटलंय, हे सगळं त्याच्या वहीत किंवा डोक्यात असावं लागतं. नसलं तर काय होतं तेही आश्रमशाळेच्या पोरांना चांगलं ठाऊक आहे. मोठ्या खासगी घरातला हाऊस मॅनेजर म्हणजे त्या घराचा गृहपाल.

अशा घरात बहुधा आचारी असतो, झाडू-पोछा आणि भांड्यांना बाई असते, ड्रायव्हर, माळी, वॉचमन असतो, कुठं लहान मुलांना सांभाळणारी तर कुठं म्हाताऱ्या माणसाजवळ बसणारी असते. या सगळ्यांच्या वेळा, सुट्ट्या, पगाराची तारीख आणि त्यांच्यातली भांडणंही एकानं बघायची असतात. शिवाय घर म्हणून जे यंत्र चालतं ते वेगळंच. पाण्याचा पंप, इन्व्हर्टर, गॅस, पाणी शुद्ध करायचं मशीन, एसी, वॉशिंग मशीन, लिफ्ट. कोणाची सर्व्हिसिंग कधी झाली, वॉरंटी कधी संपते, दुरुस्तीवाला कोण, त्याचा नंबर काय, हे एका वहीत लागतं. विजेचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स, डॉक्टरांची वेळ, पाहुणे येणार असतील तर खोली, पाहुण्यांचं पथ्य. मालक गावाला गेला तर बंद घराची निगा.

सकाळची फेरी हे या कामाचं मूळ. घरातले उठायच्या आत सगळं घर एकदा फिरून यायचं. नळ कुठं ठिबकतोय, बल्ब कुठं गेलाय, फ्रीजमध्ये काय उतरत चाललंय, भिंतीला ओल कुठं आलीय. शेतकरी सकाळी उठून बांधावरून चक्कर मारतो, त्यातलाच हा प्रकार. चक्कर न मारणाऱ्याचं पीक जसं दिसतं तसंच त्याचं घर दिसतं.

आपल्या पोरांना यातलं बरंच आधीच येतं, फक्त त्याला कोणी कौशल्य म्हणत नाही. मे महिन्यात घर शाकारणाऱ्याला पावसाआधी गच्ची आणि पन्हळी साफ करायच्या असतात हे शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात विहिरीवर रांग लावलेल्या पोरीला टाकीतलं पाणी मोजून वापरणं शिकवावं लागत नाही. धान्याला कीड लागू नये म्हणून काय करायचं हे तिला शहरातल्या मालकिणीपेक्षा जास्त कळतं. बचत गटाचं दप्तर लिहिणाऱ्या बाईला तर निम्मं काम आलंच.

राहिलेलं निम्मं म्हणजे रोख हिशेब, आणि इथंच माणसं पडतात. समजा, मालकिणीनं महिन्याच्या पहिल्या तारखेला वरखर्चाला ३० हजार रुपये दिले. किराणा ११,४००, भाजी-फळं-दूध ७,८५०, गॅस १,८००, नळवाला ६५०, माळ्याची माती-खत ९००. बेरीज २२,६००. हातात ७,४०० उरायला पाहिजेत. मोजले तर ७,१५०. अडीचशे कुठं गेले? चोरी कोणीच केलेली नसते. दोन वेळा रिक्षा केली, पावती नव्हती, लिहायचं राहिलं, एवढंच असतं. पण महिनाअखेर ते आठवत नाही आणि समोरच्याच्या मनात एक खडा पडतो. यावर उपाय साधा आहे. खर्च ज्या दिवशी झाला त्याच दिवशी लिहायचा. पावती नसेल तिथं आपल्या हातानं चिठ्ठी करायची, तारीख, कशासाठी, किती, सही. आठवड्यातून एकदा वही मालकापुढं ठेवून त्याचीही सही घ्यायची. मालक म्हणेल, अरे राहू दे, विश्वास आहे. तरी घ्यायची. विश्वास आज आहे म्हणूनच आज सही सहज मिळते.

दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे किल्ल्या आणि वस्तू. मोठ्या घरात काही हरवलं की पहिली नजर जाते ती कामावरच्या माणसाकडं, आणि त्यातही गावाकडून आलेल्याकडं. हे बरोबर नाही, पण होतं. म्हणून कामावर रुजू होताना आपल्या ताब्यात काय काय आलं त्याची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात. कोणती किल्ली कोणाकडं, याची वही ठेवावी. तिजोरीची आणि दागिन्यांच्या कपाटाची किल्ली ताब्यात घेऊच नये. 'तू तर घरचाच' असं म्हणून कोणी ती हातात दिली तरी नम्रपणे परत करावी. घरातलं बोलणं, भांडणं, पाहुणे, पैसे याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही आणि घराचे फोटो मोबाईलवर टाकायचे नाहीत, हा या पेशाचा पहिला नियम. यात एक चूक झाली तर दुसरी नोकरी मिळणंसुद्धा अवघड होतं, कारण ही कामं तोंडी शिफारशीवरच मिळतात.

कारभारी आणि लग्नगडी

घर चालवणं हे मानाचं काम आहे, हे मराठी माणसाला बाहेरून शिकायची गरज नाही. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांमध्ये तोफखान्याबरोबर कोठी, मुदपाकखाना, जामदारखाना, आबदारखाना असे घरचे म्हणावेत असे विभागही मोजले जात. धान्याची कोठी एकाकडं, स्वयंपाक दुसऱ्याकडं, कपडे-दागिने तिसऱ्याकडं, पिण्याचं पाणी चौथ्याकडं, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. कोठावळे, पोतनीस ही आडनावं असल्या कारभारातूनच आली. खुद्द जव्हारला मुकणे राजघराण्याचं संस्थान होतं, जयविलास राजवाडा आजही उभा आहे. राजवाडा म्हटला की कारभारी आलाच. त्या कारभाऱ्याला कोणी गडी म्हणत नव्हतं.

पण आईच्या मनात जी धास्ती असते तिलाही इतिहास आहे, आणि तो याच जिल्ह्यातला आहे. डहाणू-उंबरगाव भागात सावकार-जमीनदारांकडं 'लग्नगडी' असायचे. वारली तरुण लग्नासाठी कर्ज काढायचा आणि ते फेडायला नवरा-बायको दोघंही सावकाराच्या घरी-शेतात राबायला लागायचे. कर्ज काही फिटायचं नाही. पुढं मुलंही त्याच घरी कामाला. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेबरोबर वारली उठले, ते या वेठीविरुद्ध आणि लग्नगड्याच्या पद्धतीविरुद्ध. नंतरही वेठ संपली नाही. वसई-भिवंडी भागात १९८२ पासून श्रमजीवी संघटनेनं वेठबिगार सोडवण्याचं काम केलं. तोपर्यंत वेठबिगारी बंद करणारा १९७६ चा कायदा होऊन सहा वर्षं झाली होती.

हे जुनं उकरून काढायचं कारण असं, की आजच्या फार्महाऊसच्या निरोपात बरेचदा एक शब्द असतो, 'जोडी'. नवरा-बायको पाहिजेत. वाडा, विक्रमगड, डहाणू-बोर्डी, त्र्यंबक, इगतपुरी, जिथं जिथं शहरातल्या लोकांचे फार्महाऊस आणि भाड्यानं देण्याचे बंगले आहेत तिथं ही मागणी असते. पगार ठरतो तो नवऱ्याचा. तो राखण करतो, झाडांना पाणी घालतो, पंप बघतो. बायको शनिवार-रविवारी येणाऱ्या वीस-वीस पाहुण्यांचा स्वयंपाक करते, भांडी घासते, चादरी धुते. तिला काय? 'राहायला खोली दिलीय की.' मुलं पाहुण्यांना चहा नेऊन देतात. लग्न होऊन जोडीनं राबायचं आणि पगार एकाचा, यात आणि लग्नगड्यात फरक किती, ते ज्यानं त्यानं बघावं. जोडी जात असेल तर पगार दोन ठरले पाहिजेत आणि दोन खात्यांवर आले पाहिजेत. आणि १४ वर्षांखालच्या मुलाला घरकामाला लावणं हा गुन्हा आहे. ही बंदी २००६ सालच्या अधिसूचनेनं आली आणि २०१६ च्या दुरुस्तीनं १४ वर्षांखाली सगळ्याच कामांना लागू झाली.

उचल हा तसाच दुसरा फास. भट्टीवर जाताना उचल घ्यायची सवय इतकी अंगवळणी पडली आहे, की बंगल्याच्या नोकरीलाही घरचे विचारतात, आधी किती देतील? घरात आजारपण असतं, लग्न असतं, गरज खरी असते. पण उचलीवर सुरू झालेली नोकरी सोडता येत नाही आणि सोडता न येणारी नोकरी म्हणजे नोकरी नाही. 'पैसे फिटल्याशिवाय जायचं नाही' असं म्हणून माणूस अडवला तर तो १९७६ च्या कायद्याखाली गुन्हा ठरतो. राबवला जाणारा आदिवासी असेल तर अॅट्रॉसिटी कायद्यातही वेठीसाठी कलम आहे. तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडं करता येते.

पगार कसा मोजायचा

राहणं-खाणं फुकट, हे ऐकायला छान वाटतं. पण चोवीस तास हाताशी माणूस मिळावा म्हणून मालकालाही तो तिथंच राहायला हवा असतो. म्हणजे खोली ही मेहेरबानी नाही, ती कामाची गरज आहे. पगार त्याशिवाय मोजला पाहिजे.

मोजायला एक गावठी माप आहे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. महिन्यात २६ दिवस धरले तर ८,११२ रुपये होतात. हे झालं खड्डे खणण्याचं आणि तेही दिवसाचंच काम, संध्याकाळी माणूस घरी. ज्या नोकरीत रात्री दोन वाजता दार उघडायला उठायचंय, दहा लोकांचं काम बघायचंय, हजारो रुपयांचा हिशेब ठेवायचाय, तिचा पगार याच्या आसपास असेल तर ती हाऊस मॅनेजरची नोकरी नाही, नाव फक्त तसं आहे. कर्नाटक, केरळ, तामिळनाडू या राज्यांनी घरकामासाठी किमान वेतन ठरवून दिलं. आपल्याकडं पगार मुख्यतः बोलीवर ठरतो, म्हणून बोलायला लाजू नये. आपली माणसं पगार विचारायला लाजतात आणि नंतर सहा महिने मनात कुढतात.

खासगी घर म्हणजे कंपनी नव्हे, त्यामुळे पीएफ, ग्रॅच्युइटी, ईएसआय हे आपोआप मिळत नाही. काही मालकांची स्वतःची कंपनी असते आणि ते माणसाला तिच्या पगारपत्रकावर घेतात. तसं होत असेल तर पीएफचा नंबर विचारून घ्यावा आणि पगाराची चिठ्ठी दर महिन्याला मागावी. तसं होत नसेल तर म्हातारपणाची तजवीज आपली आपणच करायची, हे धरून पगार मागावा.

आता कागद. वकील लागत नाही, साध्या कागदावर मराठीत दोघांच्या सहीनं लिहिलं तरी चालतं. त्यात कामाचं नाव आणि कामं कोणती हे असावं, म्हणजे मॅनेजर म्हणून नेऊन भांडी घासायला लावलं तर बोलता येतं. पगार किती, कोणत्या तारखेला, बँकेत. दिवसाचे तास आणि रात्रीची विश्रांती. आठवड्याची एक पूर्ण सुट्टी. वर्षाच्या रजा, आणि त्यात आपल्याकडची खरी गरज लिहावी. आवणीच्या वेळी आठ-दहा दिवस आणि होळीला चार दिवस घरी यायचंय, हे आधीच लिहिलं तर जुलैत भांडण होत नाही. आजारी पडल्यास दवाखान्याचा खर्च कोणाचा. झोपायला दार लावता येईल अशी खोली, मुलींच्या बाबतीत तर कडी आतून हवीच. नोकरी सोडायची किंवा काढायची असेल तर किती दिवस आधी सांगायचं. एवढ्यावरही जो मालक 'आमच्याकडं असलं काही नसतं' म्हणतो, तिथं न गेलेलं बरं. चांगल्या घरांना उलट असा कागद आवडतो, कारण उद्या वाद झाला तर तो त्यांच्याही कामाला येतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कागदावर करायची नाही. मालकानं सांगितलं म्हणून जमिनीच्या व्यवहारात आपल्या नावानं सही. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि शासनाच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. म्हणून मग विश्वासू आदिवासी केअरटेकरच्या नावावर जमीन घ्यायची, पैसा आपला, असली युक्ती सुचवली जाते. हा बेनामी व्यवहार झाला. त्यात जमीनही जप्त होऊ शकते आणि ज्याच्या नावावर आहे तोही खटल्यात येतो.

शिकायचं कुठं

या कामाला पदवी लागत नाही, पण काही शिकून गेलं तर पहिल्याच पगारात फरक पडतो. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत हाऊसकीपर आणि फूड प्रॉडक्शन असे एक वर्षाचे ट्रेड आहेत. प्रत्येक आयटीआयमध्ये ते नसतात, ऑनलाइन प्रवेशाच्या यादीत बघावं लागतं. मुंबईत दादरला सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे, ती १९५४ सालची. हॉटेलातलं हाऊसकीपिंग शिकलेला माणूस घरात सहज बसतो, कारण चादरीचा कोपरा आणि साबणाचा हिशेब दोन्हीकडं सारखाच. ग्रामीण तरुणांसाठी २०१४ पासून दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना आली. तिच्यात १५ ते ३५ वयाच्या, आणि महिला व विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी ४५ पर्यंतच्या, उमेदवारांना मोफत आणि बरेचदा निवासी प्रशिक्षण असतं. कुठला वर्ग कधी सुरू होतो याची चौकशी पंचायत समितीतल्या 'उमेद'च्या कक्षात करावी. जव्हारच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातही विचारत राहावं. एकदा विचारून भागत नाही, हे तिथं गेलेल्या कोणालाही माहीत आहे.

याशिवाय एमएससीआयटी, म्हणजे हिशेबाची शीट भरता येते. प्रथमोपचाराचा छोटा कोर्स रेड क्रॉस किंवा सेंट जॉन अॅम्ब्युलन्सकडून करता येतो. म्हातारी माणसं असलेल्या घरात या प्रमाणपत्राला मोठी किंमत आहे. चारचाकीचं लायसन्स असेल तर उत्तम. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावं, शहरातल्या सोसायट्या ते मागतातच.

इंग्रजीची भीती बाळगली जाते तेवढी गरज नाही. मशीनवरची, औषधावरची, कपड्याच्या पट्टीवरची अक्षरं वाचता आली आणि फोनवर दोन वाक्यं बोलता आली की सुरुवात होते. मात्र औषधाचं नाव वाचता येत नसताना अंदाजानं गोळी देऊ नये, विचारावं. आपली वारली, कोकणा बोली टाकायची नाही, तिच्या जोडीला हिंदी आणि प्रमाण मराठी पक्की करायची.

एकदम मुंबईच्या बड्या घरात जाण्यापेक्षा जवळच्या भाड्याच्या बंगल्यावर वर्ष-दीड वर्ष काढणं शहाणपणाचं. तिथं पाहुणे बदलत राहतात, तक्रारी रोज नव्या येतात, शिकायला जास्त मिळतं आणि घर एका एसटीवर राहतं.

बाहेरच्या देशांत हा पेशा बराच पुढं गेला आहे. फिलिपाइन्समध्ये परदेशी घरकामाला जाणाऱ्यांसाठी सरकारी प्रमाणपत्राची परीक्षा आहे आणि तिथल्या सरकारनं २००६ साली अशा कामगारांसाठी महिन्याला किमान ४०० डॉलर पगाराची अट घातली. आपल्याकडूनही आखातात नेतो म्हणणारे एजंट फिरतात. त्यांच्यासाठी एवढं लक्षात असू द्यावं : दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर जाण्याआधी सरकारी परवानगीची अट असते आणि अशा देशांत घरकामाला जाणाऱ्या बाईचं वय किमान ३० लागतं, तिची भरती सरकारी संस्थांमार्फतच होते. वीस वर्षांच्या मुलीला 'टुरिस्ट व्हिसावर नेतो, तिथं गेल्यावर काम देतो' म्हणणारा माणूस तिला कायद्याच्या बाहेर नेतोय.

मुंबईचा एजंट असला तरी नियम तेच. एजंटचं कमिशन मालकानं द्यायचं, कामगारानं आगाऊ एक रुपया द्यायचा नाही. मूळ मार्कशीट, मूळ आधार, पासबुक, एटीएम कार्ड कोणाच्याही ताब्यात द्यायचं नाही, झेरॉक्स द्यायची. घराचा पूर्ण पत्ता आणि मालकाचा नंबर हातात आल्याशिवाय गाडीत बसायचं नाही.

नाव नोंदवलं का?

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. १८ ते ६० वयाचा, घरात पगारावर काम करणारा कोणीही त्यात नाव नोंदवू शकतो. हाऊस मॅनेजर, केअरटेकर हेही त्यात येतात. 'मी मॅनेजर, मी कशाला घरेलू कामगार' हा तोरा इथं कामाचा नाही. नोंदणी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात होते, वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, फोटो आणि कुठं काम करतो याचा मालकाचा दाखला लागतो. नोंदीचा उपयोग काय, हे २०२१ च्या एप्रिलमध्ये कळलं. कोरोनाच्या निर्बंधात राज्य सरकारनं घरेलू कामगारांना १,५०० रुपये जाहीर केले, ते फक्त नोंदणी झालेल्यांना. घरोघरी राबणाऱ्या कितीतरी बायांची नोंदच नव्हती, त्या बघत राहिल्या.

ई-श्रम कार्ड २०२१ च्या ऑगस्टपासून निघतं, वय १६ ते ५९, सेतू केंद्रात काम होतं. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा बँकेतून मिळतो, तो घ्यावाच. १८ ते ४० वयात प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये भरले तर ६० नंतर महिना ३,००० पेन्शनची सोय आहे. अठरा वर्षांच्या पोराला ५५ रुपये म्हणजे एक रिचार्जही नाही.

मुलींसाठी अजून एक कायदा माहीत असायला हवा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त ऑफिसांसाठी नाही, खासगी घरात काम करणाऱ्या बाईलाही तो लागू आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते. तातडीचं असेल तर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि पोलिसांसाठी ११२.

देशपातळीवर घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदा अजून व्हायचा आहे. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला समिती नेमून असा कायदा करता येईल का ते तपासायला सांगितलं. ज्या खटल्यात हे घडलं तो छत्तीसगडच्या एका आदिवासी बाईचा होता. कामाच्या आमिषानं तिला दिल्लीला नेलं गेलं आणि पुढं डेहराडूनच्या एका घरात कोंडून ठेवल्याची तक्रार होती. खटल्याचा तपशील वाचला की वाटतं, ही बाई आपल्या कोणत्याही पाड्यावरची असू शकली असती.

वावर-वांगणीचं नाव १९९२ साली राज्यभर गाजलं ते कुपोषणानं गेलेल्या बाळांमुळं. घर स्थलांतराला निघालं की अंगणवाडीचा आहार सुटतो, लसीकरण सुटतं, शाळा सुटते, हे तेव्हापासून प्रत्येक अहवालात येतं. घरातल्या एकाचा बारमाही पगार खात्यावर येत असेल तर बाकीच्यांना लेकरं घेऊन भट्टीवर जावं लागत नाही. या नोकरीचा गावाला खरा उपयोग तिथं आहे, आणि म्हणूनच तो पगार ठरल्याप्रमाणे येतोय की नाही याच्यावर घरानंही लक्ष ठेवायला हवं. कामावर जाणाऱ्यानं कराराची एक प्रत घरी ठेवावी. मालकाचा पत्ता आणि नंबर घरच्यांबरोबर अंगणवाडी ताईकडं किंवा पोलीस पाटलाकडंही देऊन जावा. आठवड्यातून एक दिवस ठरवून फोन करावा, आणि त्या दिवशी फोन आला नाही तर घरच्यांनी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नये.